कपाटातल्या बरण्या आणि हरवलेला सोम

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मित्राचा फोन आला. "मी जिवंत आहे का, ते येऊन बघ," एवढंच म्हणाला आणि फोन चालूच ठेवला. पलीकडून फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

आम्ही दोघं एकलहऱ्याचे. नाशिकरोडच्या पुढे जे औष्णिक विद्युत केंद्र आहे, त्याच्या कॉलनीत लहानाचे मोठे झालो. दोघांचे वडील प्लँटमध्ये, दोघांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर तीच राख. पुढे दोघंही इंजिनिअर झालो आणि पुण्यात आलो. वाकडमधला त्याचा फ्लॅट माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे.

दार उघडंच होतं. तो स्वयंपाकघरात फरशीवर बसून स्वतःची नाडी मोजत होता. तीस-पस्तिसाच्या पुढे गेला की आकडा विसरायचा, आणि आकडा विसरला की हृदय थांबलं अशी त्याची खात्री व्हायची. मग पुन्हा एकपासून. मी शेजारी बसलो आणि त्याच्याबरोबर मोठ्याने मोजायला लागलो. दुसरं काही सुचलं नाही. मध्येच त्याने बेडरूमकडे बोट दाखवलं. कपाटात, इस्त्रीच्या शर्टांच्या मागे, काचेच्या चार बरण्या होत्या. आत पांढरं, कापसासारखं जाळं आणि त्यातून वर आलेल्या तपकिरी टोप्यांच्या बारीक छत्र्या. दोन महिने तो त्या वाढवत होता. मलाही माहीत नव्हतं, आणि मी दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचो.

पहाटे चारला त्याला जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "काय घेतलंय?" मी म्हणालो, "बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल." पोलीस, नोकरी, त्याची आई, सगळं एका सेकंदात डोळ्यासमोर आलं आणि मी सरळ खोटं बोललो. त्याला सलाइन लावलं, उलटीवरचं इंजेक्शन दिलं. सकाळपर्यंत तो शांत झाला. सुदैव, दुसरं काय. डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीला नंतर हे सांगितलं, तेव्हा ती चिडली. समोरच्याच्या पोटात काय आहे हे माहीत नसताना औषध देणं म्हणजे अंधारात बाण मारणं, आणि तो अंधार तू केलास, असं म्हणाली. बरोबर होतं तिचं.

त्या रात्रीनंतर मी या बुरशीचा इतिहास वाचायला घेतला. ती त्या कपाटापर्यंत पोचली कशी, हे मला कळून घ्यायचं होतं. वाट मेक्सिकोतल्या डोंगरातून, पॅरिस आणि कॅलिफोर्नियातून जाते हे अपेक्षित होतं. ती पुण्यातूनही जाते, हे नव्हतं.

पण आधी एकलहरे.

पुढच्या शनिवारी घरी गेलो. आमच्या आईचा बचत गट काही वर्षं धिंगरी पिकवतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून स्पॉन, म्हणजे बियाणं आणायचं. गव्हाचं काड रात्रभर भिजवायचं, गरम पाण्यातून काढून निथळवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर, बियाण्याचा एक थर असं भरायचं. पंधरा-वीस दिवस पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगल्या की आतलं काड पांढऱ्या तंतूंनी घट्ट बांधलं जातं. मग पिशवी फाडायची, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं, आणि आठवड्याभरात शिंपल्यासारख्या राखाडी धिंगऱ्या फुटतात. मी त्या खोलीत शिरलो आणि थबकलो. तोच ओलसर, पिठासारखा वास. तेच पांढरं जाळं. मित्राच्या कपाटात आणि आईच्या खोलीत तत्त्वतः एकच काम चाललं होतं.

हे नुसतं माझ्या नाकाला वाटलं असं नाही, इतिहासही तसाच आहे. नशा आणणारी बुरशी घरात वाढवण्याचं पहिलं प्रसिद्ध पुस्तक 1976 मध्ये कॅलिफोर्नियात निघालं. मुखपृष्ठावर लेखकांची टोपणनावं होती. खरे लेखक टेरेन्स आणि डेनिस मॅकेना हे भाऊ. 1971 मध्ये ते कोलंबियाच्या जंगलात गेले होते, तिथल्या गुरांच्या कुरणांत शेणावर उगवणारी 'सिलोसायबी क्युबेन्सिस' त्यांना सापडली. बीजाणू घेऊन ते घरी परतले, पण वाढवायची पद्धत काही जमेना. ती त्यांना मिळाली अमेरिकी कृषी खात्यातले शास्त्रज्ञ जेम्स सॅन अँटोनियो यांच्या 1971च्या शोधनिबंधात. तो निबंध कशाबद्दल होता? आपण पनीर-मश्रूममध्ये खातो त्या बटन मश्रूमबद्दल! प्रयोगशाळेत, धान्य भरलेल्या बरणीत बटन मश्रूम कसं घ्यायचं, एवढाच त्याचा विषय. मॅकेना बंधूंनी बियाणं बदललं. पुढे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट मॅकफर्सन याने कृती इतकी सोपी केली की प्रयोगशाळाच लागेना, स्वयंपाकघर पुरेसं झालं. तो टपालाने बीजाणू विकायचा. बीजाणूंमध्ये सिलोसायबिन नसतं, ही तिथल्या कायद्यातली पळवाट. 2003 मध्ये त्याच्याकडे धाड पडली. तोवर कृती जगभर गेली होती. ती इथे मी सांगणार नाही. माझ्या मित्राला ती मिळाली, यात फार कौतुक नाही. आमच्या आईला धिंगरी जमते तर बी.ई. झालेल्याला चार बरण्या जमणारच.

भारतात धिंगरीची शेती जिथून सुरू झाली, त्या म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही 1962 मध्ये भाताच्या पेंढ्यावर असेच प्रयोग झाले होते. एकच विद्या आहे. तिच्यातून एका बाजूला बचत गट निघाला आणि दुसऱ्या बाजूला माझ्या मित्राचं कपाट.

आता आजीबद्दल. ती आईच्या धिंगरीला शेवटपर्यंत शिवली नाही. तिच्या लेखी छत्री म्हणजे कुत्र्याची छत्री. जिथे कुत्रं पाय वर करतं तिथे ती उगवते, संपला विषय. हे फक्त आजीचं नव्हतं. मनुस्मृतीत लसूण आणि कांद्याच्या पंगतीत बसवून अळंबीलाही द्विजांसाठी निषिद्ध ठरवलेलं आहे. पण महाराष्ट्र याबाबत एकमताचा नाही. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीसाठी लोक पहाटे रान तुडवतात आणि विदर्भात टेकोड्यांची वाट बघतात. देशावर मात्र संशय.

जगाची अशी 'अळंबीप्रेमी' आणि 'अळंबीभीरू' वाटणी एका बँकरने केली होती. त्याचं नाव गॉर्डन वॉसन. न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेत तो पुढे उपाध्यक्ष झाला. 1927 मध्ये तो रशियन बायकोबरोबर, डॉक्टर व्हॅलेंटिनाबरोबर, डोंगरात फिरायला गेला होता. तिने रानात अळंबी बघून आनंदाने किंचाळून ओटी भरून आणली, शिजवली, खाल्ली. वॉसनला वाटलं, सकाळी आपण विधुर होऊन उठणार. ती उठली, ठणठणीत. मग दोघांनी पुढची तीस वर्षं एकच प्रश्न उकलण्यात घालवली: काही समाजांना बुरशी इतकी प्रिय आणि काहींना इतकी किळसवाणी का?

या नादात वॉसन 1955च्या जूनमध्ये मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या वाउत्ला या डोंगरी गावात पोचला. तिथे मारिया साबीना नावाची एक माझातेक बाई रोग्यांसाठी रात्रीचं जागरण मांडायची. घरातल्या देवापुढे मेणबत्त्या, फुलं, धूप. मग मोजून दिलेल्या छत्र्या, मेणबत्त्या विझवणं, आणि पहाटेपर्यंत तिचं गाणं. तिच्याकडे कोणी गंमत म्हणून यायचं नाही. दुखणं काय आहे, हरवलेलं माणूस कुठे आहे, हे विचारायला यायचं. म्हणून वॉसननेही कारण सांगितलं. आपल्या मुलाची खबर नाही, काळजी वाटते, असं. ती काळजी मुख्यतः प्रवेशासाठी होती. (हे वाचताना हॉस्पिटलातला मी आठवलो. या इतिहासात खोटं बोलून आत शिरणारे बरेच आहेत.)

13 मे 1957च्या 'लाइफ' साप्ताहिकात वॉसनचा सचित्र लेख आला. त्याने तिचं नाव आणि गावाचं नाव बदललं होतं, पण लोकांनी शोधून काढायचं ते काढलंच. तोपर्यंत फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर एम यांनी त्या छत्र्या ओळखून, पॅरिसला नेऊन वाढवल्याही होत्या. प्रयोगशाळेतली ही लागवड मॅकेना बंधूंच्या जवळजवळ वीस वर्षं आधीची. त्यांतल्या काही छत्र्या स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांच्याकडे गेल्या. एलएसडी ज्यांच्या हातून बनलं तेच हे. त्यांनी 1958 मध्ये त्यातला कार्यकारी पदार्थ वेगळा केला आणि सिलोसायबिन हे नाव दिलं. 1962 मध्ये ते गोळ्या घेऊन वाउत्लाला गेले. मारिया साबीनाने गोळ्या घेऊन जागरण केलं, आणि गोळ्यांमध्येही तीच शक्ती असल्याचं सांगितलं. आता छत्र्यांचा हंगाम नसतानाही काम चालेल, म्हणून तिला आनंद झाला होता.

पण गावात पाहुण्यांची रीघ लागली. पोलीस आले. तिला काही काळ अटक झाली, तिचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून छत्र्यांची शक्ती गेली, असं ती म्हातारपणी सांगायची. 1985 मध्ये ती वारली तेव्हाही गरीबच होती. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त राग येतो तो इथे. बँकरचं नाव झालं, केमिस्टचं झालं, कंपनीकडे पेटंट गेलं, आणि जिने दार उघडलं तिला काही मिळालं नाही.

वॉसन पुढे आपल्याकडे वळला. 1968 मध्ये त्याने एक मोठं पुस्तक काढलं. दावा असा, की ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली 'फ्लाय अ‍ॅगेरिक' ही बुरशी. सुपर मारिओत असते तशी. कारण ऋग्वेदात सोमाचं एवढं वर्णन, पण पान, फूल, मूळ यांचा उल्लेख नाही. मनुस्मृतीतली बंदीही त्याने पुरावा म्हणून वापरली: एकेकाळी पवित्र होतं म्हणूनच पुढे निषिद्ध झालं. वेंडी डोनिगर यांनी त्या पुस्तकात वेदोत्तर काळातल्या सोमावर प्रकरण लिहिलं. केंब्रिजचे जॉन ब्रफ यांनी 1971 मध्ये दाव्याची सालं काढली. मला संस्कृत येत नाही, पण दावा लंगडा वाटतो. ती बुरशी बर्च आणि पाइनच्या मुळांशी उगवते. शिवाय तिच्यात सिलोसायबिन नसतंच, वेगळंच विष असतं. तेव्हा 'ऋषिमुनी मॅजिक मश्रूम घ्यायचे' असा फॉरवर्ड तुम्हाला आला असेल, तर त्यात एका बुरशीच्या जागी दुसरीच घातलेली आहे.

मग सोम काय होता? या प्रश्नाने मला पुण्यात आणून सोडलं.

1859 मध्ये मार्टिन हाउग हा जर्मन पंडित पूना कॉलेजात संस्कृत शिकवायला आला. पुढे ज्याचं डेक्कन कॉलेज झालं तेच हे. त्याला नुसती पोथी नको होती, यज्ञ प्रत्यक्ष बघायचा होता. परक्याला, त्यातून म्लेंच्छाला, कोण दाखवणार? बऱ्याच खटपटीनंतर, चांगली दक्षिणा देऊन, त्याने एका श्रौती ब्राह्मणाकडून सोमयागाचे मुख्य विधी करवून घेतले आणि सोम चाखलाही. 1863 मध्ये मुंबईत छापलेल्या त्याच्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत याची नोंद आहे. रस पांढुरका, कडू, अतिशय वाईट चवीचा. थोडीफार नशा येते. पण दोन-चार चमच्यांपलीकडे त्याच्या घशाखाली तो उतरला नाही. म्हणजे 'लाइफ'मधल्या त्या लेखाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी एक युरोपीय माणूस विधीत शिरून, पैसे देऊन, ते पवित्र पेय पिऊन, घरी जाऊन टिपण लिहीत होता. तेही आपल्या मुळा-मुठेच्या काठी. वॉसनची गोष्ट वाचताना मी ज्याला नवं समजत होतो ते इथे होऊन गेलेलं होतं.

मात्र हाउग जे प्यायला तो वेदातला सोम नव्हता, आणि हे हाउगलाही कळत होतं. ती होती रानशेर: पानं नसलेली, हिरव्या काड्यांची, तोडली की दुधासारखा चीक गळणारी वेल. दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवर ती उगवते. मूळ वनस्पती उत्तरेच्या डोंगरातली असावी. माणसं खाली सरकली, वनस्पती वर राहिली. ब्राह्मणग्रंथांच्या काळातच तिची टंचाई होती. शतपथ ब्राह्मणात सोम न मिळाल्यास काय वापरायचं याची यादीच आहे: हे नसेल तर ते, ते नसेल तर दूर्वा, तेही नसेल तर कुश. पर्याय वापरला तर प्रायश्चित्त म्हणून काय द्यायचं, तेही. आमच्या धंद्यात याला फॉलबॅक म्हणतात.

पुण्याचेच श्रौतविद्येचे अभ्यासक चिं. ग. काशीकर यांनी 1990 मध्ये टिळक महाराष्ट्र विद्यापीठातर्फे सोमाच्या ओळखीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचा कौल बुरशीला नव्हता, एफिड्राला होता. डोंगराळ कोरड्या प्रदेशातलं हे काड्याकाड्यांचं झुडूप उत्तेजक आहे. त्याच्या बाजूने एक जिवंत साक्ष मुंबईतच आहे. पारशी अग्यारीत 'हओम' म्हणून इराणहून आणलेल्या ज्या वाळक्या काड्या कुटतात त्या एफिड्राच्या. सोम आणि हओम हे एकच शब्द. वाद संपलेला नाही, पण मला काशीकरांची बाजू पटते.

खरं तर सोम काय होता यापेक्षा सोमयाग कसा होता, याचं वर्णन वाचून मी जास्त अस्वस्थ झालो. मुद्दाम सविस्तर सांगतो.

साधा अग्निष्टोम घ्या. पाच दिवस. यजमानाने आधी दीक्षा घ्यायची, वेगळ्या मंडपात राहायचं, मोजकं खायचं, मोजकं बोलायचं. सोम स्वतः खुडायचा नाही, विकत घ्यायचा, तोही गाय देऊन, ठरलेली घासाघीस करून. मग विकणाऱ्याला हुसकून लावायचं! (हा डीलरविषयीचा सर्वांत जुना लिखित राग असावा.) शेवटच्या दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन सवनं. दगडांनी कुटायचं, लोकरीतून गाळायचं. आपण होऊन प्यायचं नाही, सोबतच्यांनी बोलावल्यावर प्यायचं. सोळा ऋत्विज हजर. त्यांतला एक ब्रह्मा. बाकीचे म्हणतात, गातात, हात चालवतात. ब्रह्मा बहुतेक वेळ गप्प बसून असतो. त्याचं काम लक्ष ठेवणं. कुठे चुकलं की थांबवायचं आणि दुरुस्तीचा उपाय सांगायचा.

आणि एखाद्याला सोम बाधलाच तर? त्याचीही सोय आहे. सौत्रामणी नावाचा एक वेगळा याग आहे. सोम उलटून पडला, अंगाबाहेर गेला, अशा माणसासाठी तो सांगितलेला आहे. त्याची कथा खुद्द इंद्राची. न बोलावता, जास्त सोम प्यायला, तो त्याच्या अंगातून वाहून गेला, शक्ती गेली. अश्विनीकुमार आणि सरस्वती यांनी त्याला बरं केलं. देवांच्या राजाची बॅड ट्रिप, आणि तिच्यावर उपचाराची संहिता. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे धरून चाललं होतं की असं होणार. झालं तर त्या माणसाला लपवायचं नाही, पुन्हा मंडपात आणायचं.

या यागांतला जातिभेद, गायींची देणी, पशुबळी हे सगळं मला माहीत आहे, आणि कोणी सोमयाग पुन्हा सुरू करावेत असं मी म्हणत नाही. पण मांडणी बघा. पुण्याच्या श्रौतींकडे विधी अखंड राहिला आणि त्याच्या मध्यभागचा सोम हरवला, म्हणून तिथे रानशेर आली. माझ्या मित्राच्या कपाटात नेमकं उलटं होतं. मधली वस्तू अस्सल, ताजी, घरी पिकवलेली. भोवतीचं सगळं गायब. गप्प बसून लक्ष ठेवणारा नाही, बोलावणारा नाही, आधी चार प्रश्न विचारणारा नाही.

त्यांतला एक प्रश्न मला आजही टोचतो. मित्राच्या मामांवर कित्येक वर्षं मानसोपचार चालू आहेत, त्यांना भास होतात. हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलँड ग्रिफिथ्स यांनी सिलोसायबिनचा जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात 36 जण होते. सत्र आठ तासांचं, दिवाणखान्यासारख्या खोलीत, सोफा, डोळ्यांवर पट्टी, संगीत, आणि शेजारी दोन माणसं पूर्ण वेळ बसलेली. त्याआधी अनेक तासांच्या भेटी. ज्यांच्या जवळच्या नात्यात असा गंभीर मानसिक आजार असेल त्यांना असे प्रयोग दारातूनच परत पाठवतात. माझा मित्र पहिल्याच फॉर्मवर बाद झाला असता. फॉर्म द्यायलाच कोणी नव्हतं.

त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये एक पाहणी छापली. छत्र्या खाऊन वाईट अनुभव आलेल्या 1993 जणांना त्यांनी विचारलं. 39 टक्क्यांनी तो आयुष्यातल्या सर्वांत कठीण पाच अनुभवांत धरला. 11 टक्के म्हणाले, त्या वेळी आपण स्वतःला किंवा दुसऱ्याला धोक्यात घातलं. वैद्यकीय मदत घेतली ती फक्त 2.7 टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. बाकीचे काय करत होते, हे मला माहीत आहे. स्वयंपाकघरात नाडी मोजत होते.

आणि मदत का घेत नाहीत, हेही. 1971च्या आंतरराष्ट्रीय करारात सिलोसायबिन सर्वांत कडक यादीत गेलं. आपल्याकडे 1985चा एनडीपीएस कायदा आला, त्याच्याही यादीत ते आहे. 2 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, 50 ग्रॅम ही व्यापारी मात्रा. व्यापारी म्हटलं की शिक्षा दहा वर्षांपासून सुरू. इथे एक विचित्र प्रश्न उभा राहतो. वाळलेल्या छत्रीत सिलोसायबिन जेमतेम टक्क्याच्या आसपास. मग वजन कशाचं करायचं, छत्रीचं की त्यातल्या रसायनाचं? 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं ठरवलं होतं. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे 226 ग्रॅम छत्र्यांचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती कुन्हीकृष्णन यांनी जामीन देताना म्हटलं की छत्री ही निसर्गतः उगवलेली बुरशी आहे, कोणी मिसळून केलेलं मिश्रण नाही, त्यामुळे सगळं वजन धरता येणार नाही. पण हा जामिनाचा आदेश आहे, परवानगी नाही. घरात पिकवणाऱ्याला तो ढाल म्हणून पुरणार नाही. नाशिकरोडला जेल रोड नावाचा रस्ताच आहे, आमची शाळेची बस तिथूनच जायची, त्यामुळे मला हे आकडे कधी नुसते आकडे वाटले नाहीत.

जगात दुसरीकडे दारं किलकिली होतायत. ऑरेगॉनमध्ये 2020च्या मतदानानंतर 2023 पासून परवानाधारक केंद्रं सुरू झाली. तिथे छत्री घरी नेता येत नाही, केंद्रात बसूनच घ्यायची, आणि शेजारी प्रशिक्षित माणूस लागतो. कोलोरॅडोने 2022च्या मतदानात उलट केलं, मोठ्या माणसांना स्वतःपुरतं घरी पिकवायला मुभा दिली. दोन्हींमध्ये मला ऑरेगॉनची रीत बरी वाटते. तिथे निदान कोणीतरी शेजारी बसतं. पण तिचं बिल बघितलं की वाटतं, ब्रह्म्याची दक्षिणा अजून तेवढीच जड आहे. वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलासाठी या दोन्ही गोष्टी तशाही परीकथाच.

मित्राने आठवड्याभराने बरण्या उकळत्या पाण्याने मारल्या आणि धुऊन भंगारात दिल्या. "लोणच्याला ठेवायच्या होत्या ना," मी म्हणालो. तो हसला नाही. झोप लागत नव्हती, म्हणून महिन्याभराने तो एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. या वेळी मी बरोबर होतो आणि डॉक्टरांनी विचारल्यावर त्याने सगळं खरं सांगितलं. छत्र्या, बरण्या, किती, केव्हा, मामा. डॉक्टरांनी लिहून घेतलं. पोलीस आले नाहीत. "हे आधी का नाही सांगितलंत?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी खाली बघितलं.

दिवाळीत तो एकलहऱ्याला आमच्या घरी आला. 140 मेगावॉटचे जुने दोन संच कधीच बंद झालेत, 210चे तीन आहेत, तरी गच्चीवर राख तीच. आईने जेवायला धिंगरीची भाजी केली होती. वाढताना विचारलं, "तुला चालते ना रे? काही लोक घाबरतात हिला." त्याने माझ्याकडे बघितलं. मग ताट पुढे केलं आणि म्हणाला, "वाढा काकू. पण तुम्ही पण बसा ना आमच्याबरोबर."

आई बसली.